मावशीला मी बोलावलं

भिंतीवर खिळ्याला टांगलेली, नारिंगी रंगाची, मधे भलंमोठं भोक असलेली ही जी गोल वस्तू दिसतेय ना, ती मीच बोलतेय. बोटीच्या कठड्याला अडकवलेली असते ती तरंगणारी रिंग. काही जण मला ट्यूब म्हणतात, त्याचा मला भारी राग येतो. ट्यूबमध्ये नुसती हवा असते, टाचणी लागली की कारभार आटोपला. माझ्या पोटात घट्ट फेस भरलाय. टाचणी काय, सुरी खुपसली तरी मी बुडायची नाही. एके काळी या गोष्टीचा मला तोरा होता. आता तो उतरलाय, पण सांगायची सवय काही जात नाही.

माझा जन्म कारखान्यातला. साच्यातून दोन अर्धी कवचं निघाली, ती तापवून एकमेकांना चिकटवली आणि एका छिद्रातून आत फेस सोडला. मग मला दोरी ओवणाऱ्या बाईंकडे पाठवलं. त्या दिवसभर आमच्यासारख्यांना दोऱ्या ओवत बसायच्या. दोरी चार ठिकाणी पक्की करायची आणि मधे चार सैल झोळ सोडायचे, हे त्यांचं काम. शेवटची गाठ मारली की प्रत्येकीला एक चापट देऊन म्हणायच्या, "जा बाई, कुणाचा तरी जीव वाचव."

झालं, मी स्वप्नं बघायला लागले. वादळ सुटलंय, बोट उलटलीय, एक माणूस गटांगळ्या खातोय आणि मी त्याच्या दिशेनं झेप घेतेय, वगैरे. प्रत्यक्षात मला नेलं मास्तरांनी, आणि जुंपलं ते लहान मुलांना धरायला काहीतरी हवं म्हणून. सुरुवातीचे कितीतरी दिवस मी मनातून नाक मुरडून होते.

मास्तर पूर्वी पोहण्याच्या तलावावर शिकवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक छोटी बोट घेतली आणि सुट्टीला येणाऱ्या कुटुंबांतल्या मुलांना समुद्री कासवं दाखवायला न्यायला लागले. तलावावरची शिट्टी त्यांच्या गळ्यात तशीच राहिली. त्यांच्या बायकोला सगळे मास्तरीणबाई म्हणत. त्या किनाऱ्यावरच्या एका खोलीत बसून पाण्यात बघायचे चष्मे आणि श्वास घ्यायच्या नळ्या भाड्यानं देत. खोलीत तीन बादल्या, एक बाकडं, आणि कपडे वाळत घालावेत तशा दोरीवर वाळत घातलेल्या नळ्या. चष्म्याच्या काचेवर वाफ धरू नये म्हणून आतून थुंकी चोळायची, असं मास्तरीणबाई सांगायच्या, तेव्हा आयांचे चेहरे बघण्यासारखे व्हायचे. मुलं मात्र खूश. घरात ज्यासाठी ओरडा खायचा, ते इथं रीतसर करायला मिळत होतं.

मास्तरांची पद्धत ठरलेली होती. माझ्या दोरीला चार झोळ, म्हणून एका फेरीला चारच जण. माझ्याभोवती मुलं पालथी तरंगायची, एक हात झोळात, तोंड पाण्यात, आणि मास्तर पुढून मला दोरानं हळूहळू ओढत न्यायचे. "बघायचं, शिवायचं नाही," हे ते प्रत्येक मुलाकडून तीनदा म्हणवून घ्यायचे. कासव श्वासासाठी वर यायला लागलं की आपण बाजूला सरायचं, हा दुसरा नियम. "आपल्याकडे नळी आहे, त्याच्याकडे नाही," असं त्याचं कारण ते सांगायचे. तिसरा नियम त्यांनी कुणाकडून म्हणवून घेतला नाही, कारण तो त्यांचा स्वतःचा होता. कासवं ज्या गवताच्या पट्ट्यावर चरायची, त्याच्या बऱ्याच अलीकडे एक काळा खडक होता. तिथं इंजिन बंद करायचं आणि पुढचं अंतर वल्ही मारत जायचं. पंखा फिरत असताना गवतावर बोट न्यायची नाही म्हणजे नाही.

मोठ्या माणसांची तर गंमतच असायची. नळी तोंडात असताना एकमेकांवर ओरडायचे आणि पाण्यातून नुसतं बू बू बू ऐकू यायचं. पोहता न येणारे बाबा हमखास म्हणायचे, "मी बोटीतच थांबतो, सामानाकडे कुणीतरी बघायला हवं." पण मुलांचे हात मला आवडायला लागले. खाली कासव दिसलं की चारही झोळ एकदम ताणले जायचे. कुणी काही बोलायचं नाही, कुणी पाय हलवायचं नाही. त्या ताणाची मला चटक लागली, आणि बुडत्या माणसाचं स्वप्न मी कधी सोडून दिलं ते माझं मलाच कळलं नाही.

त्या कासवांत एक थोराड मादी होती. तिच्या मागच्या उजव्या पायाचा लचका कधीतरी कुणीतरी तोडला होता, त्यावरून ती लगेच ओळखू यायची. मास्तरीणबाईंनी तिचं नाव मावशी ठेवलं. त्यांची खरी मावशी अशीच न कळवता यायची, पोटभर जेवायची आणि कुणाशी धड न बोलता निघून जायची म्हणे. आमची मावशी आली तर आली, नाहीतर नाही. मास्तर लोकांना आधीच बजावायचे, "दिसेलच असं नाही. समुद्र आहे, दुकान नव्हे."

मग एका सुट्टीत ते तिघं आले.

वडील, नऊ वर्षांची मुलगी आणि सहा वर्षांचा मुलगा. आई दुसऱ्या घरी राहायची. मुलं वर्षभर तिच्याकडे असत आणि वडिलांच्या वाट्याला हे चार-पाच दिवस येत. हे सगळं धाकट्यानंच सांगितलं, चष्म्याचं माप देताना, कुणी न विचारता. त्याच्या चड्डीचे दोन्ही खिसे शिंपल्यांनी इतके भरलेले असायचे की चालताना चड्डी खाली यायची. मास्तर त्याला शिंपल्या म्हणायला लागले. थोरलीला तो ताई म्हणायचा, म्हणून आम्हीही ताईच म्हणायला लागलो.

ताई वडिलांशी सरळ बोलायची नाही. त्यांनी काही विचारलं की भावाकडे बघून उत्तर द्यायची. "त्यांना सांग, मला भूक नाहीये." अगदीच बोलावं लागलं तर "तुम्ही घ्या, मला नको," असं परक्या माणसाशी बोलावं तसं. ते ऐकलं की वडील हातातल्या टॉवेलची घडी मोडून पुन्हा घालायचे.

पहिल्या दिवशी कासव दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी पाणी गढूळ होतं. तिसऱ्या दिवशी ताई पाण्यात उतरलीच नाही, बोटीत गुडघे जवळ घेऊन बसून राहिली. वडिलांनी वर्षभर फोनवर या कासवांच्या गोष्टी सांगितल्या होत्या, आणि आता त्या गोष्टीसुद्धा खोट्या ठरत होत्या. चौथा दिवस शेवटचा.

"मास्तर, काहीच करता येणार नाही का?" वडिलांनी हळूच विचारलं.

"समुद्राला काय सांगणार, साहेब?"

"उद्या त्यांना परत सोडायचंय. मग एकदम पुढच्या वर्षी. तोवर ही दहा वर्षांची होईल. तेव्हा माझ्याबरोबर यायचंय की नाही, ते तीच..."

तेवढ्यात लांबवर मावशीचं डोकं वर आलं, एक श्वास घेतला आणि परत खाली गेलं. इतक्या लांब मुलांना नेईपर्यंत ती निघून गेली असती. मास्तरांनी बोटीतल्या डब्याकडे बघितलं. त्यात काकडीचे काप होते, वडिलांनी पहाटे उठून मुलांसाठी कापलेले, काही जाड, काही बारीक. मास्तरांनी दोन काप उचलले, मुलांना आणि वडिलांनाही तरंगायचं जॅकेट घालून पाण्यात उतरवलं, एक काप सोडला आणि माझ्या पाठीवर तळहातानं तीन ठोके दिले. तलावावर मुलांना गोळा करायला ते फळीवर असंच ठोकायचे. त्या सवयीनं हात गेला असेल.

मावशी आली. आधी लांबून एक फेरी मारली, मग सरळ माझ्याखाली आली आणि काकडीचा काप तिनं इतक्या सावकाश खाल्ला की दोन्ही मुलं श्वास घ्यायला विसरली. ताईचा एक हात माझ्या झोळात होता. दुसऱ्या हातानं तिनं वडिलांचं मनगट पकडलं. वर आल्यावर तोंडातली नळी काढून ती पहिलं वाक्य बोलली ते भावाशी नाही.

"बाबा, बघितलंस? तिला पापण्या आहेत. बाबा, तू बघितल्यास का तिच्या पापण्या?"

वडिलांनी चष्मा काढला आणि पाणी गेलं म्हणाले. पाणी होतंच, पण ते आतलं होतं.

त्या दिवशी मास्तर शीळ घालत घरी आले. मास्तरीणबाईंना कळायला वेळ लागला नाही.

"काकडी घातलीत तिला?"

"एकदाच गं. ती पोरगी बापाशी बोलत नव्हती."

"तुम्ही तिला भिकेला लावाल," मास्तरीणबाई म्हणाल्या. "खायला तिला अख्खा समुद्र आहे."

एकदाच ते काही राहिलं नाही. पुढच्या आठवड्यात एक मुलगी आली, नुकती मोठ्या आजारातून उठलेली, अंगावर सगळे कपडे ढगळ. तिच्यासाठी दोन काप. मग कुणाचा वाढदिवस होता, कुणाच्या आजोबांना पुन्हा इतक्या लांब येणं जमणार नव्हतं. ज्याला त्याला काहीतरी कारण असतंच, आणि मास्तरांचं मन मऊ. पुढं पुढं कारण विचारायचंही बंद झालं. काकडी आधीच डब्यात असायची. मास्तरीणबाईंनी कापून द्यायला नकार दिला, तर मास्तर स्वतः कापून घ्यायचे.

खरं सांगायचं तर मलाही ते आवडत होतं. तीन ठोक्यांवर एवढा मोठा जीव खोल पाण्यातून माझ्याकडे येतोय, म्हणजे मी कुणीतरी आहे, असं वाटायचं. मावशीचं गवत खाणं कमी झालंय, ती काळ्या खडकाजवळ ताटकळत असते, इंजिनाचा आवाज आला तरी डोकं वर काढते, हे सगळं मला दिसत होतं. मी पाण्यात असते, मला सगळ्यांच्या आधी दिसतं. मास्तरांच्या खांद्यानं दुखून हैराण केलं, तेव्हा त्यांनी वल्ही मारणं सोडलं. "ती येतेच आहे बोटीपाशी, मग उगाच हात कशाला मोडून घेऊ?" असं ते स्वतःशीच म्हणाले. बोट आता इंजिनावर थेट गवतापर्यंत जायला लागली. तिसरा नियम गेला, आणि तो गेल्याचं मुलांना समजण्यासारखंच नव्हतं.

पुढच्या वर्षी ते तिघं पुन्हा आले. ताई वडिलांचा हात धरून, तोंडाचा पट्टा चालू ठेवून आली. शिंपल्या खोलीत शिरला तो धावत माझ्याकडे. वर्षभर त्यानं वर्गात सगळ्यांना सांगितलं होतं म्हणे, की रिंगवर तीनदा ठोकलं की कासव येतं. कुणाचा विश्वास बसला नव्हता. या वेळी फोटो काढून न्यायचा होता. मास्तरीणबाईंनी त्याचे गाल ओढले आणि स्वतःचे डोळे टिपले. मास्तरांचा चेहरा इतका खुलला होता की मलाही वाटलं, जे केलं ते बरंच केलं.

बोट निघाली. मी बाहेरच्या बाजूला हुकाला टांगलेली, निम्मी पाण्यात. काळा खडक मागे पडला. इंजिन चालूच होतं, फक्त वेग थोडा कमी केला होता. मास्तर सुकाणूपाशी पाठमोरे, वडील लांबचा दीपस्तंभ बोटानं ताईला दाखवत होते. शिंपल्या कठड्यावरून वाकला आणि त्यानं मास्तरांसारखा तळहात सपाट करून माझ्या पाठीवर ठोकलं. एक, दोन, तीन. ताईनं दीपस्तंभावरून नजर काढली ती नेमकी तेव्हाच.

मला ओरडायचं होतं. पण मला स्वतःचा आवाज नाही. कुणी ठोकलं तरच तो फुटतो, आणि तो तर फुटून गेला होता.

मावशी आली. ती काय, बोलावलं की यायचं शिकली होती. बोटीखाली जो आवाज झाला त्याबद्दल मी काही सांगणार नाही. मास्तरांनी इंजिन बंद केलं तेव्हा उशीर झाला होता. दुसऱ्या बाजूला ती वर आली, एक श्वास घेतला, आणि तिच्या पाठीवरची लांब पांढरी चीर सगळ्या मोठ्या माणसांना दिसली. शिंपल्या बुटका. त्याला फक्त डोकं दिसलं.

"आली," तो म्हणाला. "मास्तर, आली ना? काकडी द्या ना तिला."

मास्तरांनी काकडीचा डबा झाकून मागे सारला. मग ते म्हणाले, "आज नको. तिला लागलंय. इंजिन बंद करायला मला उशीर झाला. चूक माझी आहे." हे बोलताना त्यांची नजर ताईकडे गेली. ताई भावाच्या हाताकडे बघत होती. मास्तरांनी मान किंचित हलवली, नको म्हणून. दहा वर्षांच्या त्या पोरीनं तोंडात गुळणी धरली ती धरलीच.

"मग ती आता डॉक्टरकडे जाईल?" शिंपल्यानं विचारलं.

"ती लांब खोल समुद्रात जाईल," वडील म्हणाले, "आणि बरी होऊन परत येईल."

कुणीही त्यांचं बोलणं खोडलं नाही. दुसऱ्या दिवशी ते तिघं गेले. ठरलेल्या दिवसांतले तीन दिवस शिल्लक होते.

तिसऱ्या दिवशी मावशी खडकांपाशी लागली, मेलेली. मास्तरांनी स्वतः समुद्री जिवांच्या खात्यात फोन केला. एक तरुण अधिकारी बाई टेप घेऊन आल्या, लांबी-रुंदी मोजली, वहीत लिहिलं. "बोटींना इतकी कशी सरावली ही?" असं त्यांनी विचारलं, ते मास्तरांना उद्देशून नव्हतंच. "मी सवय लावली," मास्तर म्हणाले, आणि बोटीचा परवाना त्यांनी न मागता बाईंच्या हातात ठेवला. "मी सांगितलं होतं" हे म्हणायचा मास्तरीणबाईंना पुरेपूर हक्क होता. त्या मात्र ओंजळीनं मावशीच्या डोक्यावर पाणी घालत राहिल्या. शेवटी अधिकारी बाईंनीच त्यांचा हात धरून थांबवलं.

तेव्हापासून मी मास्तरांच्या घरातल्या या भिंतीवर आहे. चष्मे आणि नळ्या खोक्यात गेल्या. बोट आवारात पालथी पडलीय. मी बुडत नाही, कुजत नाही, माझ्यासारखीला संपायलाही फार वर्षं लागतात. सारखी एकच गोष्ट आठवत भिंतीवर लोंबकळत राहायचं, याला काय म्हणावं? म्हणून तुम्हाला सांगते, मुलांना घेऊन समुद्रावर जरूर जा. पाण्यात डोकं घालू द्या, बघू द्या. पण चार दिवसांत कासव दिसलं नाही, तर पाचव्या दिवशी तसेच घरी या. मुलं रुसतील. रुसू द्या त्यांना.

शिंपल्या दर रविवारी फोन करायचा. मास्तरीणबाईंना कमी ऐकू येतं, म्हणून त्या फोनचा आवाज मोठा ठेवतात, आणि बोलणं माझ्यापर्यंत पोचतं. "आजी, मावशी आली का?" "नाही रे राजा, अजून नाही." मग तो शाळेतलं काहीबाही सांगायचा आणि फोन ठेवायचा. मास्तर त्या वेळी मुद्दाम अंगणात जाऊन उभे राहायचे. असे कितीतरी रविवार गेले.

गेल्या रविवारी त्यानं मावशी आली का, असं विचारलं नाही.

"आजी, मी ठोकलं होतं," तो म्हणाला. "तेव्हा इंजिन चालू होतं. म्हणून झालं का ते?"

मास्तरीणबाईंनी दारापर्यंत जाऊन फोन मास्तरांच्या हातात दिला. मास्तर आत आले आणि माझ्याखाली जमिनीवर बसले. मला वाटलं, आता तेही ते खोल समुद्राचंच सांगणार.

"शिंपल्या," ते म्हणाले, "मावशी मेली. तेव्हाच, तिसऱ्या दिवशी. आम्ही सगळ्यांनी तुला खोटं सांगितलं."

मास्तरांनी फोन दोन्ही हातांनी धरला.

"तू ठोकलंस, ते खरं आहे. पण ठोकलं की खायला मिळतं, हे तिला मी शिकवलं. ठोकायचं कसं, हे तुला मी दाखवलं. आणि इंजिन बंद करायचं काम माझं होतं. तू सात वर्षांचा होतास रे. मी बासष्टचा."

"ताईला माहीत होतं?"

"हो. तिच्यावर रागावू नकोस. तिला गप्प राहायला मी सांगितलं."

पलीकडून बारीक आवाज आला, "मास्तर, तुम्ही रडताय?"

"हो."

"मी पण."

"बरं."

"फोन ठेवू नका."

"नाही ठेवत," मास्तर म्हणाले.

मास्तरीणबाई येऊन मास्तरांशेजारी जमिनीवर बसल्या, आणि फोन तसाच चालू राहिला.